ऑक्टोबरची भुतं

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत घरोघरच्या हिरवळीवर थडगी उगवतात. थर्माकोलची असतात, पण लांबून बघताना दचकायला होतं. झुडपांवर कापसाची कोळिष्टकं, झाडांना टांगलेले सांगाडे, पायऱ्यांवर कोरलेले भोपळे. नवीन आले तेव्हा मला हे सगळं भयंकर अशुभ वाटायचं. तिन्हीसांजेला मरणाचं नाव काढलं तरी आजी "शुभ बोलावं गं" म्हणून दटावायची. अशा घरात वाढलेली मी, आणि इथे लोक हौसेने दारात थडगं मांडतात! आता वीसेक वर्षांनी सवय झालीये. ३१ तारखेला संध्याकाळी चॉकलेटांची परडी घेऊन मीही दारात बसते आणि छोट्या छोट्या चेटकिणींना नि स्पायडरमॅनना मूठमूठ वाटते.

पण माझा खरा हॅलोविन त्याच्या आधी महिनाभर चालतो. दिवे मालवायचे, पांघरूण घ्यायचं आणि भुताचे सिनेमे बघायचे. दरवर्षी तेच. धारप आणि मतकरी वाचून रात्री पाणी प्यायला उठायची हिंमत नसलेल्या मुलीने मोठेपणी दुसरं काय करावं? नवरा पाचव्या मिनिटाला घोरायला लागतो. लेक थोडा वेळ बसते आणि म्हणते, "आई, यात काहीच होत नाही!"

तेच तर. माझ्या यादीत शिरायचा नियमच तो आहे. रक्ताचे पाट नकोत, आतडी नकोत, आणि जमलं तर भूतसुद्धा दिसायला नको.

याला एक अपवाद आहे, कारण तो नसला तर हॅलोविन झाल्यासारखाच वाटत नाही. जॉन कारपेंटरचा 'हॅलोविन', १९७८ चा. गोष्ट घडते इलिनॉयमधल्या एका गावात, पानगळीच्या दिवसांत. शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात झालं. त्यामुळे रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की पुढच्या शॉटसाठी गोळा करायची, असा कारभार होता. खुन्याचा तो भयाण पांढरा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा स्वस्तातला मुखवटा, पांढरा रंग फासलेला. संगीतही कारपेंटरचंच. आणि गंमत म्हणजे या सिनेमात रक्त जवळजवळ नाही. तो मुखवटावाला कपडे वाळत घातलेल्या दोरीपलीकडे नुसता उभा असतो. पुन्हा बघावं तर नसतो. बस, एवढंच!

याहून वरच्या पायरीवर 'द इनोसंट्स' (१९६१). हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'वरचा, जॅक क्लेटनचा. डेबोरा कर दोन पोरक्या मुलांची गव्हर्नेस म्हणून एका मोठ्या एकाकी घरात येते. तिला तिथे मेलेली माणसं दिसायला लागतात. मुलांना ती दिसतात की नाही, की सगळे हिच्याच मनाचे खेळ, हे शेवटपर्यंत कळत नाही. यात एक प्रसंग आहे. दिवसाउजेडी, तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी आहे. ती काही करत नाही. ओरडत नाही, अंगावर येत नाही. इतकी लांब आहे की चेहराही धड दिसत नाही. मी हा प्रसंग किमान दहा वेळा पाहिला असेल, दर वेळी हात आपोआप पांघरुणाकडे जातो.

आता नाटक. २०१० साली आई आमच्याकडे राहायला येणार होती. तिला पुण्याहून घेऊन येताना आम्ही चार दिवस लंडनला थांबलो. तिथे फॉर्च्यून नावाच्या लहानशा थिएटरात 'द वुमन इन ब्लॅक' पाहिलं. सुझन हिलच्या १९८३ च्या कादंबरीवरून स्टीफन मॅलाट्रॅटने लिहिलेलं. याचा जन्म मोठा मजेशीर आहे. १९८७ साली स्कारबरो नावाच्या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावातल्या नाटक कंपनीला नाताळात आणखी एक नाटक करायचं होतं आणि हातात पैसे थोडे होते. म्हणून कमी माणसांत होईल अशी भुताची गोष्ट निवडली. तेच नाटक लंडनला १९८९ पासून मार्च २०२३ पर्यंत चाललं!

रंगमंचावर बोलणारे नट दोनच. एक मोठी वेताची पेटी, ती कधी टांगा होते, कधी पलंग, कधी टेबल. एक झिरझिरीत पडदा. दलदलीतलं घर, धुकं, बुडणारी घोडागाडी, सगळं आवाजांवर आणि आपल्या भरवशावर. एक कुत्रंही आहे, स्पायडर नावाचं. म्हणजे नाहीच आहे. नट हवेत हात फिरवून त्याला कुरवाळतो, हाका मारतो, दलदलीतून ओढून काढतो. आईला इंग्रजी बेताचंच कळायचं. बाहेर पडल्यावर विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "बाई मेली वाईट होती. पण कुत्रं किती गुणी होतं गं!"

आम्ही खूप हसलो. पण मला वाटतं, नाटक म्हणजे काय ते तिने एका वाक्यात सांगितलं. जे दाखवलं नाही तेच तिला सगळ्यात नीट दिसलं होतं.

असो. आता माझ्या यादीतला पहिल्या नंबरचा सिनेमा, 'द हॉन्टिंग', १९६३ चा. शर्ली जॅक्सनच्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस'वरचा. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. हो, तोच, 'द साउंड ऑफ म्युझिक'वाला! एका बदनाम घरात भुतांचा अभ्यास करायला चार माणसं येऊन राहतात. अख्ख्या सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. रात्री भिंतींवर धाडधाड आवाज होतात. दाराच्या मुठीवर काहीतरी चाचपडतं. एक भक्कम लाकडी दार श्वास घेतल्यासारखं आतल्या बाजूला फुगतं. १९९९ साली याच गोष्टीवर नवा सिनेमा निघाला. त्यात कॉम्प्युटरच्या मदतीने सगळं घर जिवंत करून दाखवलं. सगळं दिसलं आणि भीती मात्र पार गेली.

जुन्या 'हॉन्टिंग'ची नायिका एलेनॉर. तिने अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा केलेली. आई काही हवं असलं की भिंतीवर ठोकायची. शेवटच्या रात्रीही ठोकलं, एलेनॉर गेली नाही आणि आई गेली. म्हणून हिल हाऊसमधल्या पहिल्या रात्री भिंतीवर धाडधाड सुरू होतं तेव्हा अर्धवट झोपेतल्या एलेनॉरला वाटतं की आईच बोलावतेय, आणि ती 'आले आले' करत उठायला लागते.

हा प्रसंग मी कित्येकदा पाहिला होता. घाबरले होते, छायाचित्रणाचं कौतुक केलं होतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मात्र मी तिथे सिनेमा थांबवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्या जुलैत आई गेली होती. पुण्यात, झोपेत, शांतपणे. करोनाचे दिवस. विमानं बंद, जी मोजकी सुटत होती त्यांत जागा नाही. दादाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. इथे मध्यरात्र झालेली. मास्क लावलेली पाच-सहा माणसं, पाऊस, आणि मधेच नेटवर्क गेलं. स्क्रीनवर आईचा चेहरा तसाच थिजून राहिला. चित्र परत हललं तेव्हा सगळं झालेलं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला, असं दादा म्हणाला. कावळा शिवला नाही तर घरातलं कुणीतरी पुढे होतं आणि गेलेल्या माणसाच्या मनात राहिलेलं आठवून शब्द देतं, की अमक्याचं आम्ही बघू, काळजी करू नकोस. आईचं काही राहिलं नव्हतं. समाधानाने गेली. राहिलं होतं ते माझं. त्यासाठी कुठला कावळा बोलवायचा?

मी एलेनॉरसारखी शेजारच्या खोलीत नव्हते. मला कुणी हाक मारली नव्हती आणि मारली असती तरी बारा हजार किलोमीटर ओलांडायला काही साधन नव्हतं. डोक्याला हे नीट कळतं. पण आजही रात्री साडेनऊला, म्हणजे पुण्यात सकाळ झालेली असताना, हात फोनकडे जातो. आई गेली असं मला वाटतच नाही. ती फोन उचलत नाहीये, असं वाटतं.

तेव्हा मला या आवडत्या सिनेमांचं गुपित कळलं. न दाखवण्याची ती युक्ती इतकी चालते, कारण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मनात संपत नाही. दिग्दर्शक दार बंद ठेवतो, मग दारामागचं आपण आयुष्यभर रचत बसतो. आपल्याकडे म्हणूनच शेवटचं दर्शन घ्यायला माणसं रात्रीचा प्रवास करून येतात. पूर्वी मला तो नुसता रिवाज वाटायचा.

त्यानंतर 'द अदर्स' (२००१) पुन्हा पाहिला, तोही वेगळाच दिसला. अलेहांद्रो आमेनाबारचा, निकोल किडमनचा. १९४५ सालचं जर्सी बेट (आमचं न्यू जर्सी नव्हे, इंग्लिश खाडीतलं मूळचं जर्सी). नवरा युद्धावर गेलेला, परतला नाही, मेल्याची खबरही नाही. मुलांना उजेड सोसत नाही म्हणून पडदे कायम ओढलेले, आणि एक दार कुलूपबंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. त्यात एक जुना अल्बम सापडतो, मेलेल्या माणसांना नीट कपडे घालून, बसवून काढलेल्या फोटोंचा. आधी मला तो किळसवाणा वाटायचा. आता वाटतं, त्या बिचाऱ्यांना फक्त एकदा नीट बघून घ्यायचं होतं. शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा मला हेवा वाटतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लेकीला घेऊन ब्रॉडवेवर 'स्वीनी टॉड' पाहिलं. सोंडहाइमचं १९७९ चं म्युझिकल, या वेळी जॉश ग्रोबन न्हाव्याच्या भूमिकेत. गळे कापणारा न्हावी आणि माणसांच्या मांसाचे पाय विकणारी बाई, असं सगळं असूनही लोक पोट धरून हसत होते. मी एकाच गोष्टीपाशी अडकले. तुरुंगवासातून परत आलेल्या त्या न्हाव्याची बायको मेली, असा त्याचा समज होतो. त्याने पाहिलेलं काही नसतं. पुढचं सगळं रामायण त्या न पाहिलेल्या मरणातून घडतं. लेक मात्र खूश होती, कारण यात 'काहीतरी होतं' ना!

जाता जाता एक छोटी गोष्ट. अमेरिकेतल्या नाटकघरांत रात्री सगळे गेले की रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध एका काठीवर एकच बल्ब जळता ठेवतात. त्याला घोस्ट लाइट म्हणतात. नाटकवाले सांगतात की भुतांना आपले प्रयोग करायला उजेड लागतो म्हणून. खरं कारण साधं आहे, अंधारात शिरणारा पहिला माणूस खड्ड्यात पडू नये. मार्च २०२० मध्ये ब्रॉडवे बंद झालं ते जवळजवळ दीड वर्ष. त्या काळात देशभरच्या बंद नाटकघरांत असे दिवे जळत ठेवलेले होते. समोर एकही माणूस नाही, तरी दिवा चालू. मला ही कल्पना फार आवडते. आईचा नंबर मी फोनमधून काढलेला नाही, तो बहुधा याच हिशेबात.

तर या ऑक्टोबरमध्ये एकच सिनेमा बघणार असाल तर जुना, काळा-पांढरा 'हॉन्टिंग' बघा. रात्री बघा, दिवे घालवून, आवाज थोडा मोठा ठेवून. भूत दिसेल म्हणून वाट बघू नका, कानांकडे लक्ष द्या. लहान मुलं असतील तर त्यांना आधी झोपवा. आणि आईवडील दूरदेशी असतील तर सिनेमा लावायच्या आधी त्यांना एक फोन करून घ्या. व्हिडिओ कॉलच करा. नीट बघून घ्या.