आकडा

विजेच्या तारेवर आकडा टाकणे म्हणजे काय, हे होस्टेलच्या पोरांना समजावून सांगायला नको. मंडप एकाचा, झगमगाट त्याचाच, बिल मात्र दुसऱ्याला! इंटरनेटवर याच उद्योगाला हॉटलिंकिंग म्हणतात. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची नाही, आपल्या पानात तिचा पत्ता तेवढा डकवायचा. पान त्यांचे, पण फाइल दर वेळी जाते आपल्याकडून.

आमच्या नाट्यमंडळाच्या एकांकिकांची रेकॉर्डिंग्ज एका छोट्या साइटवर आहेत. खर्च वर्गणीतून, महिन्याची मर्यादा ३० जीबी. एक एकांकिका ४० एमबी धरा, साडेसातशे वेळा ऐकली की खेळ खलास. एका जानेवारीत अठरा तारखेलाच साइट बंद पडली, तीही गॅदरिंगच्या तोंडावर. लॉग उघडला तर बहुतेक मागण्या एकाच परक्या पानावरून! त्यांना मेल केली, उत्तर नाही.

ब्राउझर फाइल मागताना आपण कुठल्या पानावरून आलो ते 'रेफरर' हेडरमध्ये सांगतो. (एचटीटीपीच्या १९९६ च्या दस्तऐवजातच या शब्दाच्या स्पेलिंगमधला एक आर गळला, आणि अजूनही तो तसाच लिहावा लागतो!) अपाचेमध्ये रीराइटच्या दोन-तीन ओळी पुरतात: रेफरर आमचा नसेल आणि मागितलेली फाइल एमपीथ्री असेल तर ४०३, म्हणजे प्रवेश बंद. मात्र आपला पत्ता सुरुवातीपासून जुळवायचा. नाहीतर परक्याच्या पत्त्यात कुठेतरी आपले नाव आले, तरी दार उघडते.

चित्रांच्या बाबतीत गंमतही करता येते. २००७ साली जॉन मॅकेन यांच्या मायस्पेस पानाने माइक डेव्हिडसनच्या सर्व्हरवरचे चित्र असेच वापरले होते. त्याने ते चित्रच बदलले, आणि मॅकेन यांचा समलिंगी विवाहाला पाठिंबा असल्याची घोषणा त्यांच्याच पानावर झळकली!

आम्ही मात्र दोन रात्री भांडलो ते रिकाम्या रेफररवरून. तो अडवायचा की सोडायचा? रूममेट म्हणाला, "अडव. फुकट्यांची दया कशाला?" पण एका जुन्या एकांकिकेत आमच्या दिवंगत रेक्टरसरांचा आवाज आहे. त्यांच्या घरची मंडळी मोबाइलच्या प्लेअरमध्ये थेट लिंक टाकून तो ऐकतात, आणि तो प्लेअर रेफरर पाठवतच नाही. नियम कडक केला असता तर पहिला ४०३ त्यांनाच गेला असता. मी रिकामा सोडला. एनजिनएक्समध्येही यासाठी 'नन' असा खास शब्द आहे, म्हणजे ही अडचण आमची एकट्याची नव्हे.

आता खरा चोर आपल्या पानावर 'नो-रेफरर'ची एक ओळ घालून या नियमातून सटकू शकतो, हे मान्य. पाहुण्याने स्वतःच सांगितलेल्या गावावर विसंबणारा हा पहारा आहे. तसे झालेच तर ठरावीक वेळेनंतर बाद होणाऱ्या, सही केलेल्या लिंक द्याव्या लागतील, आणि सरांच्या घरी दर वेळी नवी लिंक पाठवावी लागेल.

अजून तरी ती वेळ आलेली नाही. लॉगमध्ये त्या पानाच्या नावापुढे रोज ४०३ ची रांग लागते. आकडा काढायचेही कष्ट त्यांनी घेतलेले नाहीत.