समाजआरती

पहाटे तीन वाजता मनुष्याच्या मनात कोणते विचार येतात, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्याने ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या एखाद्या दिंडीच्या राहुटीत एक रात्र काढावी. विचार एकच असतो, आणि तो पाण्याचा. टँकरपाशी रांग लांबण्यापूर्वी अंगावर चार तांबे पडले तर दिवस सुखाचा. नाही तर घाम, धूळ आणि कालचा सदरा यांसह संध्याकाळपर्यंत चालणे आले. महाविद्यालयात इंग्रजी काव्य शिकविण्यात माझे आयुष्य गेले. उषःकालावरील कितीतरी कविता मला मुखोद्गत आहेत. परंतु त्या कवींपैकी कोणाही सद्गृहस्थास अंधारात, चिखलात, खांद्यावर पंचा टाकून शंभर माणसांच्या मागे तिष्ठावे लागले नसावे, हे २०२२ साली सासवडच्या मुक्कामी माझ्या प्रथम ध्यानात आले.

मी वारकरी नव्हे. वारकरी माझी आई. तिने तेवीस वाऱ्या पायी केल्या, सर्व एकाच दिंडीतून. २०१८ साली, तिची सत्तरी उलटल्यावर, डॉक्टरांनी गुडघ्यांविषयी काही सांगितले आणि मी तिची वारी बंद केली. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती. 'बरं' एवढेच म्हणाली व देवघरात गेली. हे 'बरं' मी संमती म्हणून जमेस धरले. २०२० साली साथीमुळे पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या, तेव्हा मात्र ती हसून म्हणाली, "या वर्षी माउलीसुद्धा घरीच. मी एकटीच राहिले नाही." पुढच्या वर्षी ती गेली. त्यानंतरच्या ज्येष्ठात पालखी पुन्हा पायी निघणार असे कळले आणि मी तिच्या दिंडीची भिशी भरली. का भरली, हे तेव्हा मला सांगता आले नसते.

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस प्रस्थान ठेवावयाचे आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरात शिरावयाचे. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. ऐकताना ही मजल फार वाटते, चालताना मात्र किलोमीटर कोणी मोजीत नाही. दिवसाचे माप निराळे असते. पहाटे काकडा, मग राहुट्या उतरवून, वळकट्या बांधून सर्व सामान ट्रकवर चढवावयाचे. ट्रक पुढे निघून जातो आणि आपल्यापाशी उरते एक पडशी, एक तांब्या व पावसासाठी प्लास्टिकचा कागद. पहिल्या कर्ण्याला तयार व्हावयाचे, दुसऱ्याला ओळीत उभे राहावयाचे, तिसऱ्याला पाऊल उचलावयाचे. पुढे पताका, मागे टाळकरी, मध्ये मृदंग, वीणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. अभंगांनाही वेळ ठरलेली आहे. भूपाळ्या सकाळच्या, गौळणी दुपारच्या, हरिपाठ संध्याकाळचा. माझ्या मनगटावर घड्याळ होते, पण चौथ्या दिवसापासून मी ते पडशीत टाकले. गौळण सुरू झाली की जेवण पचत आले, एवढे समजून येई.

पुण्याहून सासवडचा टप्पा सर्वांत मोठा, आणि तो नेमका एकादशीस येतो. म्हणजे पोटात शेंगदाणे व साबुदाणा आणि समोर दिवेघाट! घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. प्राध्यापकांसाठी तशी काही योजना नाही. माथ्यावर पोहोचलो तेव्हा दोन्ही टाचांना फोड आले होते. दिंडीतील एका वृद्ध शेतकऱ्याने माझा पाय बेधडक आपल्या मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार नेला आणि दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपून जाते. काम आटोपल्यावर त्याने त्याच पायाला हात लावून नमस्कार केला. येथे कोणीही कोणाच्या पाया पडतो, हे मी वाचलेले होते. उलट नमस्कार करण्यासाठी वाकावे असे मनात आलेही. परंतु माझी पाठ ताठ ती ताठच राहिली. सारा दोष फोडांवर ढकलता येईल, पण तो खरा नव्हे.

सासवडला पालखी दोन रात्री राहते, म्हणून द्वादशीचा दिवस धुण्याचा. गावाबाहेर जेथे दोरी बांधता येईल तेथे लुगडी, धोतरे, सदरे वाळत होते. कुंपण, झुडूप, ट्रकचे फाळके, काही मोकळे उरले नव्हते. मी माझा सदरा पिळीत असता शेजारच्या एका म्हातारीने तो हातातून काढून घेतला.

"तुम्ही काकूंचे थोरले ना? पिळणं त्यांच्यासारखं न्हाई तुमचं."

मग तिने जे सांगितले ते माझ्या आईविषयी होते, यावर माझा विश्वास बसेना. काकू पहाटे सर्वांच्या आधी उठत आणि राहुट्यांवर काठी आपटून माणसे जागी करीत. टँकरवाल्याने कमी पाणी दिले तर काकू त्याच्या गाडीपुढे उभ्या राहत. पिठल्यात मीठ जास्त पडले तर काकू बोलत, आणि काकू बोलल्या की चुलीपाशी सामसूम होई. गौळणी त्याच उचलीत. म्हातारी हसत हसत म्हणाली, "लई रागीट बाई!" आमच्या घरी या बाईचा आवाज माजघराबाहेर कधी ऐकू आला नाही. वर्षातून सतरा-अठरा दिवस ती कोठे राहत होती, हे मला आजवर ठाऊकच नव्हते. मी तिच्या गुडघ्यांचा हिशेब तेवढा ठेविला होता.

नीरास्नान झाले, लोणंद मागे पडले, चांदोबाच्या लिंबापाशी अश्व धावून गेले व लोकांनी त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावली. या साऱ्याचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. मला सांगावयाचे आहे ते फलटणच्या मुक्कामावरचे.

मुक्कामी पालखी आली की सर्व दिंड्या भोवती गोळा होतात आणि समाजआरती होते. तत्पूर्वी हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि तो कल्लोळ एका क्षणात थांबतो. मग कोणाचे काय हरवले, काय सापडले, याचा पुकारा होतो. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवीत नाही. त्या सायंकाळी अशी एक दिंडी वाजवीतच राहिली. एवढ्या निःशब्द समुदायात त्या पंधरावीस टाळांचा आवाज कानाला टोचत होता. पण कोणी त्यांना दटावले नाही. चोपदार स्वतः तिकडे चालत गेले. राहुटीच्या जागेत पाणी साचले होते, असे मागाहून कळले. त्यांनी ऐकून घेतले, काही बोलणे झाले, आणि मग टाळ थांबले. आरती तोवर खोळंबली होती.

परतताना ती म्हातारी माझ्याबरोबर होती.

"काकूंनी यायचं का सोडलं वो?"

"गुडघे," मी म्हणालो.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "शेवटच्या सालाला दिवेघाटात माझी पडशी त्यांनीच घेतली व्हती."

तिची पडशी आता तिच्याच खांद्यावर होती. मी घेऊ का, म्हणून हात पुढे केला. तिने माझ्या पायांकडे पाहिले व मान हलविली. राहुटीत शिरताना सांगून गेली, "उद्या तीनला उठा. बरडला टँकर कमी असत्यात."

मी पावणेतीनलाच उठलो. बाहेर कोणी जागे नव्हते. राहुटीच्या दोरीला टेकून कोणाची तरी काठी उभी होती. ती उचलून मी शेजारच्या राहुटीवर आपटली. फारच हळू आपटली असावी, कारण आतून कोणी हलले नाही. मग दुसऱ्यांदा आपटली.