कडेची जागा

पथकातून मला पंधराव्या दिवशी काढलं. काढलं म्हणजे हाकललं नाही. पथकात असल्या गोष्टी फार गोडीनं होतात. सराव संपल्यावर पथकप्रमुख दादा जवळ आले आणि म्हणाले, "हात चांगला आहे गं तुझा, पण लय पळते. यंदा ध्वज धर." ध्वजाची काठी माझ्यापेक्षा दुप्पट उंच. वारा आला की ध्वज मला घेऊन चालायचा. मग मला पाणी वाटायला दिलं. चार दिवसांनी पाण्यालाही एक धिप्पाड मुलगा मिळाला, आणि मी नदीपात्रातल्या भिंतीवर जाऊन बसले. तेव्हापासून आजवर मी त्या भिंतीवरच आहे.

हे २०२२ सालचं. त्याआधीची दोन वर्षं, २०२० आणि २०२१, पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकाच निघाल्या नव्हत्या. गणपती मांडवातल्या हौदातच विसर्जित झाले. लक्ष्मी रस्त्यावरच्या आमच्या घरात त्या दोन अनंतचतुर्दशींना घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्यामुळे त्या वर्षी सराव सुरू झाला तेव्हा अख्खं नदीपात्र नुसतं उसळलं होतं. मुठेच्या काठानं पत्र्याच्या शेड, शेडला लागून शेड, आणि प्रत्येकीत एक पथक. खडकवासल्यातून पाणी सोडलं की सगळ्यांची पळापळ. ढोल डोक्यावर घेऊन वर रस्त्यावर यायचं आणि पाणी ओसरलं की गाळ काढून पुन्हा सुरुवात.

कॉलेजातल्या मैत्रिणी मला विचारतात, "तू वाजवतेस?" नाही. "मग रोज संध्याकाळी तिथं करतेस काय?" ऐकते. यावर त्या एकमेकींकडे बघतात. गवयाच्या बैठकीला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू गातोस का? क्रिकेट बघायला जाणाऱ्यानं बॅट आणली आहे का, हेही कुणी तपासत नाही. ढोलाच्या मागं फिरणारा मात्र रिकामटेकडा ठरतो. असो.

भिंतीवर बसून माझा कान तयार झाला. शेजारच्या चार पथकांचा गलबला एकमेकांत मिसळत असतानाही आपल्या पथकाचा ताशा वेगळा काढता येऊ लागला. ताशा हाच खरा मालक. ढोल कितीही असोत, काड्यांनी ताशावर जो पहिला तुकडा पडतो, त्यावरून पुढचा हात कोणता ते सगळ्यांना कळतं. माझा मावसभाऊ ताशावर आहे. त्याचा डावा हात उजव्यापेक्षा किंचित हलका पडतो. गावठी सुरू झाली की तो हलकेपणा झोक्यासारखा लागतो. भजनी वाजवताना तोच दोष वाटतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला छळत होती. सरावात सगळे गोल उभे असायचे तेव्हा ठोका एकसंध पडे. मिरवणुकीच्या सरावासाठी रांगा लावल्या की तोच ठोका फाटायचा. पुढच्या रांगेचा 'धुम' आणि शेवटच्या रांगेचा 'धुम' यांत चक्क फट पडायची. मागची मुलं आळशी आहेत, असं माझं ठाम मत झालं. एकदा जेवताना मी ते आजोबांपुढं बोलून दाखवलं. आजोबा निवृत्त शिक्षक, पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि वीजबिलाच्या पाठीवर आकडे मांडले.

"तुझा ताशा सगळ्यांत पुढं. शेवटची रांग किती लांब?"

मी अंदाजानं सांगितलं, तीसपस्तीस मीटर.

"आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ताशा मागं पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागला. त्यानं ऐकून टिपरू मारलं. आता त्याच्या ढोलाचा आवाज पुढं यायला पुन्हा दहावा भाग. तू पुढं उभी राहून ऐकतेस, म्हणून तुला तो पाचव्या भागानं उशिरा वाटतो. पोराचा काय दोष?"

मग थोडं थांबून म्हणाले, "शेवटच्या रांगेच्याही मागं जाऊन उभी राहा. तिथं सगळं एकदम पोचेल."

दुसऱ्या दिवशी मी भिंत सोडली आणि मागं जाऊन उभी राहिले. ते काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ताशा, टोल, झांजा, पुढचे ढोल आणि मागचे ढोल, सगळे एकाच क्षणी छातीवर येऊन आदळले. पुढं गर्दी करून उभे राहणारे, गॅलरीतले, मांडवातल्या खुर्च्यांवरचे पाहुणे, कुणालाच हे मिळत नाही. वाजवणाऱ्यांनाही नाही, त्यांना स्वतःच्या ढोलापलीकडचं फारसं ऐकूच येत नसतं. पथकामागं आणि गणपतीच्या रथापुढं जी दहा पावलांची मोकळी जागा असते, तेवढीच काय ती.

म्हणून स्पर्धांचा मला थोडा राग आहे. त्याच वर्षी एका मैदानावर स्पर्धा होती. वेळ ठरलेली, परीक्षकांचं टेबल एका बाजूला, शिस्तीला गुण, वेशाला गुण, तालाला गुण. सगळी पथकं शहाणपणानं ताशाभोवती अर्धवर्तुळ करून उभी राहिली. अंतर सारखं, म्हणजे फाटायचा प्रश्नच मिटला. आमच्याही पथकानं तेच केलं आणि नेमकं चौथ्या हाताला मावसभावाच्या ताशाचं पान फाटलं. दुसऱ्या ताशानं अर्ध्या ठोक्यात सावरून घेतलं. अर्ध्या ठोक्यात! त्या सावरण्यासाठी मी पहिला नंबर दिला असता. परीक्षकांनी आम्हाला पहिल्या तिघांतही धरलं नाही. मी घरी येऊन तावातावानं सांगितलं, तर आजोबा म्हणाले, "परीक्षक एका खुर्चीवर बसतो. त्याला त्या खुर्चीतून आलं तेवढंच ऐकू येतं." हे त्यांनी परीक्षकाच्या बाजूनं म्हटलं की माझ्या, ते कळलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडखळतो.

त्या वर्षीची विसर्जन मिरवणूक ३० तासांहून अधिक चालली. आमचं पथक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागलं तेव्हा मध्यरात्र कधीच उलटली होती. कुंटे चौकाच्या अलीकडे, बरोबर आमच्या घराखाली, पुढची मिरवणूक अडली. पथक जागच्या जागी वाजवत राहिलं. दोन्ही बाजूंना उंच इमारती. आवाज वर जातो आणि पुन्हा खाली येतो. एक हात संपला की टिपरं खाली यायची. तेवढ्यात गर्दीतून आरोळी उठायची, "आणखी एक! आणखी एक!" की पुन्हा ताशा सुरू. असं चाळीस मिनिटं चाललं. त्या आरोळ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. माझा घसा दुसऱ्या दिवशी बसला होता, म्हणून हे मी खात्रीनं सांगू शकते.

आजोबांची बायपास आदल्याच वर्षी झाली होती. खिडक्या लावून भागेना, तेव्हा आईनं त्यांना न्हाणीघरात स्टूल टाकून बसवलं, कारण रस्त्याच्या बाजूला खिडकी नसलेली तेवढी एकच खोली. सकाळी मी घरी आले तेव्हा ते तिथंच होते. कानांत कापूस, अंगावर शाल, आणि छातीत धडधडतंय म्हणून हात धरून बसलेली आई. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच आजोबांना सांगितलं, की ओरडणाऱ्यांत मी होते. ते म्हणाले, "आवाज ओळखला होता मी."

कायदा सांगतो, की वस्तीच्या भागात रात्री ४५ डेसिबल. हे वाचून आमच्या रस्त्यावरचा माणूस हसेल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं प्रत्येक पथकात ३० जणांचीच मर्यादा घातली आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. ती बातमी नदीपात्रात आली तेव्हा सगळ्या शेडमधून एकदम ढोल उठले. टाळ्या मीही वाजवल्या. वाजवता वाजवता माझा हात मध्येच थांबला, आणि पुढं काय करावं ते मला कळेना. तीस ढोलांचं पथक मी ऐकलेलं आहे. ते वाईट नसतं, पण तो छातीवरचा धक्का त्यात नाही. तो धक्काच तर मला हवा असतो, आणि न्हाणीघरातल्या स्टुलावरही नेमका तोच पोचतो.

मावसभावाशी बोलले. तो म्हणाला, "मिरवणूक अडली की आम्ही थांबतो गं. पोरांचे खांदे भरून आलेले असतात, कंबर गेलेली असते. पण लोक ओरडतात, मग नाही कसं म्हणायचं?"

त्या वर्षी आजोबांना आधीच कोथरूडला मावशीकडे पोचवलं. विसर्जनाच्या रात्री आमचं पथक पुन्हा कुंटे चौकाच्या अलीकडे अडलं. अडीचच्या सुमारास फोन थरथरला. शेजारच्या बोळात शिरून, एका कानात बोट घालून मी तो घेतला.

"झोपला नाहीत?"

"इकडे फार शांत आहे," आजोबा म्हणाले. "कुठं आलंय पथक?"

"आपल्या घराखाली. अडलंय."

"तू ओरडतेयस?"

"नाही."

"बाकीचे?"

फोन मी बोळाच्या तोंडाशी धरला. ताशा नुकताच थांबला होता आणि आरोळी सुरू झाली होती. थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही.

"मागं जाऊन उभी राहा," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.