उस्तादांच्या डावीकडे

फौजेत ड्रायव्हर होतो म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे कुठल्या साहेबांच्या जीपवर?" एमटी ड्रायव्हरची नोकरी बहुतेक तीन टनी गाडीवर जाते, पाठीमागे रॉकेलची बॅरलं, पीठ, सिमेंट नाहीतर दारूगोळा आणि समोर घाट, हे समजावत बसलं तर चहा निवतो. म्हणून हल्ली मी "हो" म्हणतो आणि मोकळा होतो.

आर्मी सर्व्हिस कोअरचं ट्रेनिंग बंगळूरला झालं. गाडी चालवायला तिथं शिकलो. ती सांभाळायला शिकलो ते श्रीनगर-लेह रस्त्यावर, एका गढवाली हवालदाराच्या शेजारी बसून. सगळी प्लाटून त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना आवडणार नाही.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. गाडी शक्तिमान, जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपूरला बनत आलेली. स्टिअरिंग असं जड की पहिल्या आठवड्यात खांदे वर उचलत नसत. झोजिला तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात बर्फानं बंद व्हायचा तो एप्रिल-मेमध्ये उघडायचा. लडाखमधल्या फौजेला हिवाळ्यात जे काही लागणार, ते त्याआधी वर पोचायला हवं. त्यामुळे उन्हाळाभर कानवाय चालूच. सोनमर्ग सोडलं की बालतालच्या डोक्यावरून चढणारी वळणं, मग 3,528 मीटरवरची खिंड, पलीकडे गुमरी, मताईन, द्रास, कारगिल. पुढची नमिकाला आणि फोतुला उंचीनं झोजिलाच्या वर आहेत, पण ड्रायव्हरला धडकी झोजिलाचीच.

त्या पहिल्या मोसमात उस्तादांनी मला घाटात स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी सेकंड, म्हणजे डावीकडे बसणारा. गाडी थांबली की उडी मारायची, चाकामागे लाकडी गुटका लावायचा, टायर ठोकून बघायचे, आणि प्रत्येक चाकाच्या हबवर तळहात ठेवून यायचं. परत आलो की प्रश्न, "कौन-सा गरम है?" "सब ठीक है उस्ताद" हे उत्तर चालत नसे. चारांतलं जास्त गरम कुठलं आणि मागच्या थांब्यापेक्षा किती, ते सांगावं लागे. एकच हब तापला तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक चिकटतोय. सगळेच तापले तर चूक चाकाची नाही, ड्रायव्हरच्या उजव्या पायाची. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनानं गाडी धरून ठेवायची, हा त्यांचा कायदा. उतारावर ब्रेक दाबत राहिलं की ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते, आणि नेमकी गरज पडते तेव्हा पॅडल नुसतंच खाली जातं. हे सगळं ट्रेनिंगच्या वहीत मी लिहून घेतलेलं होतं. पण वहीला वास नसतो. तापलेल्या लायनिंगचा वास त्यांनी मला ओळखायला लावला, तोही दुसऱ्याच्या गाडीचा.

खिंडीत गाडी अडली आणि कुणी कुरकुरलं की ते 1948 काढत. 1 नोव्हेंबरला सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे या खिंडीवरून गेले. बालतालपर्यंत ते टरेट उतरवून, झाकून आणले होते, आणि पुढची खेचरांची वाट मद्रास सॅपर्सनी रुंद केली होती. "वो टँक ले गये, तुमसे आटा नहीं चढ़ता?" रस्त्यावर खडी फोडणारे, बर्फ उपसणारे दुमक्याकडचे मजूर दिसले की वेग न तोडता खिडकीतून गूळ-चण्याची पुडी टाकत. कानवायमध्ये थांबता येत नाही, पण पुडी चुकत नसे.

द्रासला मुक्काम पडला की रात्रीचं काम वेगळंच. मोसमाच्या अखेरीस डिझेल थिजायचं, म्हणून ठरावीक वेळानं उठून इंजिन चालू करून ठेवायचं. पाळी सेकंडची. मला वाटायचं, माझी झोप सावध आहे, दोनदा उठलो की भागतं. मधली पहाटेची पाळी उस्ताद स्वतः उरकत होते, हे मला मोसम संपल्यावर लंगरवाल्याकडून कळलं. विचारलं तर म्हणाले, "नींद नहीं आती मुझे." त्यांचं घोरणं तर सगळ्या ट्रान्झिट कॅम्पला पाठ होतं.

1999 साली, कारगिल युद्धाच्या वेळी, मी स्वतः हवालदार होतो. तोलोलिंग 13 जूनला परत मिळालं, टायगर हिल 4 जुलैला. तोवर त्या शिखरांवरून द्रासचा रस्ता उघडा दिसत होता. रसद रात्रीची, दिवे मालवून. पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलवर पांढरा रंग असतो, त्यावर एक बारीक कानवाय लाइट. तेवढंच दिसतं. फार जवळ गेलात तर एका गोळ्यात दोन गाड्या जातील. मागे राहिलात तर ठिपका हरवेल आणि तुमच्या मागची सगळी रांग तुमच्याबरोबर चुकेल. ठिपका दिसेनासा होईल त्याच्या अलीकडे राहायचं, हे उस्तादांनी नाइट ड्रायव्हिंगच्या सरावात माझ्याकडून घोटून घेतलं होतं. त्यांचं देणं मान्यच. पण एक देणं त्या पुढच्या ड्रायव्हरचंही आहे, ज्यानं रात्रभर एकाच वेगानं गाडी नेली. सकाळी लंगरच्या रांगेत तो कोण, हे मला ओळखता आलं नाही. मागचा माझ्याबद्दल हेच म्हणत असेल.

पेन्शनीत आल्यावर एसटीत लागलो, आंबेनळी घाट वाट्याला आला. डेपोतली पोरं माझ्या हब चाचपण्याला हसायची. हसोत.

मग एकदा साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन कोटद्वारला उतरलो. उस्ताद पौडीकडच्या गावातून मुलाची जीप घेऊन स्वतः न्यायला आले होते. पेढे घेतले, किल्ली माझ्या हातात दिली आणि डावीकडे जाऊन बसले. दुगड्ड्यापर्यंत घरच्या, गुरांच्या, पेन्शनच्या गप्पा. चढ संपून उतार लागला तसे गप्प झाले. मी ब्रेकला नुसता पाय टेकवला असेल.

"गिअर," ते म्हणाले.

"उस्ताद, जीप रिकामी आहे."

"हम दोनों बैठे हैं ना? दूसरा लगा."

मी दुसरा टाकला.