यूमाउंट

पेन ड्राइव्ह काढताना ते 'सेफली रिमूव्ह' वगैरे कोणी करतं का हो? मीही करायचो नाही. ओढला की झालं. आणि पोटापाण्यासाठी दिवसभर लिनक्सच वापरतो मी, हे विशेष!

तर झालं असं... आजीचं वर्षश्राद्ध. बाबा पहाटेच्या एसटीनं गावी निघणार होते. आत्याला आजीचा आवाज ऐकायचा होता. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी कधीतरी फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवल्या होत्या. अकरा फाइल्स. नेमका आदल्या रात्री अपडेटनंतर डेस्कटॉप उघडेना. नुसती काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. म्हटलं, हात्तिच्या, कमांड लाइन तर आहे!

'एलएसबीएलके' मारलं. एसडीए म्हणजे लॅपटॉपची डिस्क, एसडीबी म्हणजे पेन ड्राइव्ह. १६ जीबीचा, पण तिथे १४.९ दिसतो. त्यावरचं एसडीबी१ 'माउंट' केलं, 'एमव्ही'नं फाइल्स हलवल्या. क्षणात प्रॉम्प्ट परत. ड्राइव्ह ओढला, बाबांच्या पिशवीत टाकला, झोपलो.

दुपारी फोन. "अरे, नावं दिसतायत सगळी, पण वाजत काहीच नाही."

साइझ बघायला सांगितली. अकराच्या अकरा शून्य.

लिनक्स आधी रॅममध्ये लिहून मोकळा होतो, ड्राइव्हवर मागाहून सावकाश उतरवतो. प्रॉम्प्ट आला म्हणजे काम झालं असं नाही. 'यूमाउंट' केलं (हो, त्यात 'एन' नाही), तर राहिलेलं सगळं उतरवल्याशिवाय ते परत येत नाही. त्यात मी 'सीपी'ऐवजी 'एमव्ही' केलेलं, म्हणजे मूळ फाइल्सही गेल्या. रिकव्हरीत दोन रात्री घालवल्या. हाती काही लागलं नाही.

हे मला माहीत नव्हतं? होतं की! इंटरव्ह्यूला आलेल्या पोरांना हाच प्रश्न विचारतो मी.

बाबा रागावले नाहीत. प्रत्येक फाइलला मी ओवीचे पहिले दोन-तीन शब्द नाव म्हणून दिले होते. आत्यानं ती नावं बाबांकडून एकेक वाचून घेतली. पाच ओव्या तिला पूर्ण आठवल्या. बाबांनी त्या फोनवर रेकॉर्ड करून आणल्या.

आवाज आत्याचा आहे, आजीचा नाही. असो. तीन ठिकाणी ठेवल्यात. 'सीपी' करून.