मागची टेकडी

ओळखीच्या एका घरी भिंतीवर आजोबांचा मोठा रंगीत फोटो आहे. मागे निळा पडदा, गळ्यात चंदनाचा हार. मूळ फोटोत आजोबा पडद्यापुढे नव्हतेच, ते स्वतःच्या दारात उभे होते. मागे ओसरी, मारोतीच्या देवळाचा कोपरा आणि त्यावर टेकडीची धार. एका स्टुडिओवाल्यानं फोटो मोठा करताना ‘मागचा पसारा’ काढून दिला आणि मूळ कागद परत मागायचं कुणाला सुचलं नाही. हा पसारा म्हणजे पूर्णेच्या काठचं एक गाव होतं. ते आज सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात आहे.

जुना फोटो जिथून काढला ती जागा शोधायची आणि तिथं उभं राहून तसाच नवा काढायचा, हे काम मी बरीच वर्षं करतोय. पैसा नाही त्यात, पायपीट मात्र भरपूर. लोकांना वाटतं, माणूस ओळखला की फोटो ओळखला. माझं काम माणसाच्या खांद्यामागे सुरू होतं.

पद्धत साधी आहे. प्रत हातभर लांब धरायची, एक डोळा मिटायचा आणि जवळच्या वस्तूची कड लांबच्या वस्तूवर नेमकी कुठं टेकते ते बघायचं. दोन पावलं डावीकडे सरकलात की जवळचा खांब लांबच्या झाडावरून उजवीकडे पळतो. अशा दोन जोड्या जुळल्या की जागा पक्की, मग पाय हलवायचा नाही. उंचीचंही बघावं लागतं. दोन भिंगांचा जुना कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचे, त्यामुळे त्या फोटोंत हनुवट्या किंचित खालून दिसतात. म्हणून मीही वाकतो. कंबर आता कुरकुर करते.

हे शिकलो औंढ्यात, नागनाथाच्या देवळापाशी. हेन्री कझेन्स यांच्या ‘मेडीव्हल टेम्पल्स ऑफ द दख्खन’ या १९३१ सालच्या ग्रंथात हे देऊळ आहे. पानांच्या छायाप्रती घेऊन मी देवळाभोवती फिरत होतो. खालचा काळ्या दगडाचा कोरीव भाग कोनाला कोन जुळत गेला. वरचं शिखर मागाहून बांधलेलं, त्याचा सांधा लांबूनही कळतो. अडचण माझीच होती. कॅमेरा मागे न्यावा तर पाठीशी माणसं, रांगा, नारळाच्या पिशव्या. एका बाईंनी विचारलं, “दादा, पुढं सरकता का, का इथंच दर्शन घेता?”

देऊळ निदान जागेवर आहे. सिद्धेश्वरला गेलो तेव्हा उभं राहायची जागाच नव्हती.

पूर्णा प्रकल्पाची दोन धरणं आहेत, वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर. दोन्ही १९६८ मध्ये पूर्ण झाली. येलदरीत पाणी साठतं, विजेसाठी सुटतं आणि ते सिद्धेश्वरला अडवून कालव्यांत जातं. सिद्धेश्वरची भिंत सहा किलोमीटरांहून लांब आहे. वर्तमानपत्रात उन्हाळ्यात ‘सिद्धेश्वर शून्य टक्क्यावर’ अशी बातमी येते. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॅमेरा घेऊन धावलो, म्हटलं आता जुनी गावठाणं उघडी पडली असतील. जाऊन बघतो तर समोर समुद्रासारखं पाणी! धरणाचा एकूण साठा सुमारे २५० दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त ८१ च्या आसपास. बाकीचं पाणी कालव्याच्या तोंडाच्या खाली राहतं, ते वाहून जाऊच शकत नाही. कागदोपत्री त्याला मृतसाठा म्हणतात. बातमीतल्या शून्याखाली दोन तृतीयांश पाणी शिल्लक असतं.

काही वर्षांनी एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून एक फोटो काढून दिला. १२० च्या फिल्मवरून छापलेला, चौकोनी, दातेरी कडांचा. लग्नाचं वऱ्हाड पारापुढे उभं. मागे शाईचा शिक्का होता, स्टुडिओचं नाव पुसलेलं, पण खाली ‘हिंगोली, जि. परभणी’ वाचता येत होतं. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्यामुळे तेवढ्यानं विशेष काही कळत नाही. पण पार बुडाला धरणात, म्हणजे फोटो त्याआधीचा. सावल्यांचा उपयोग नव्हता. आमच्याकडे मेच्या मध्यानंतर दुपारचा सूर्य डोक्यावर येतो, सावल्या चपलांखाली गोळा होतात. लग्नं नेमकी तेव्हाच!

राहिल्या टेकड्या. उजवीकडे जवळच्या टेकडीचा खांदा लांबच्या टेकडीच्या खाचेला टेकत होता. ही झाली एक जोडी. दुसरी मिळेना. मग भिंग लावून बघताना डाव्या कडेला, दातेरी किनारीला लागून, गव्हाच्या दाण्याएवढं बरड दिसलं आणि त्याच्यामागे एक शेंडा. कात्रीनं कडा सरळ केल्या असत्या तर तेवढंच गेलं असतं.

दोन्ही जोड्या पाण्यात जुळत होत्या, काठापासून बऱ्याच आत. मासेमारी करणाऱ्या एका भोईदादांनी थर्माकोलच्या तराफ्यावर घेतलं. मला पोहता येत नाही हे मी त्यांना परतल्यावर सांगितलं. मी फोटो डोळ्यासमोर धरून “डावीकडं, अजून, आता थांबा” म्हणत होतो आणि ते माझ्याकडे संशयानं बघत होते. बरड शेंड्याखाली आलं, खांदा खाचेत बसला. दादांनी दोरीला दगड बांधून सोडला. “तीन पुरुष पाणी,” ते म्हणाले.

तरी पुरतं जुळेना. लांबची टेकडी जवळच्या खांद्यावरून नखाच्या टोकाइतकी जास्त दिसत होती. पाच-सात वेळा जागा बदलून पाहिली, मग उलगडा झाला. वर चढलं की जवळचं खाली बसतं आणि मागचं डोकं काढतं. फोटोवाला पारापुढच्या मातीवर उभा होता, मी त्याच्याहून तीन पुरुष वर. तो नखाएवढा फरक म्हणजे पाण्याची खोली. तो तसाच ठेवून मी बटण दाबलं.

लोकांनी सोडलेली सगळीच गावं बुडत नाहीत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सेंट किल्डा नावाचा बेटांचा समूह आहे. २९ ऑगस्ट १९३० ला तिथले शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून गेले. ॲबर्डीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या फोटो-कंपनीनं १८८६ मध्ये टिपलेली तिथली रस्त्यावर जमलेली पुरुषमंडळी प्रसिद्ध आहेत. आज कुणीही तो फोटो घेऊन जावं, घरांच्या दगडी भिंती रांगेत उभ्या आहेत, पाय टेकायला तो रस्ता आहे. मला हेवा वाटतो. पण तिथून गेलेल्यांतलं आता कुणी हयात नाही. माझ्याकडे आजी होत्या.

नवी प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं. “पान्याचा काढलास व्हय रे लेकरा? मानसं कुठंयत?” मी जुना फोटो शेजारी ठेवला. त्यांचं बोट चेहरे सोडून थेट टेकडीवर गेलं. “ही आमची. हिच्यावर सरपणाला जायचो.” मग नव्या फोटोतल्या टेकडीवर तेच बोट. “झाडं कमी झाली,” एवढं म्हणून त्यांनी दोन्ही फोटो एकाच पिशवीत घातले.

धरणग्रस्त घरांत असे फोटो अजून पेट्यांत, पोथ्यांत, देवघराच्या फळीवर आहेत. आजोबांचा फोटो मोठा करायला देणार असाल तर जरूर द्या. पण आधी मोबाइलवर चारी कडांसकट टिपून ठेवा, मागचा शिक्काही टिपा, गावाचं नाव मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, चिकटपट्टी लावू नका. आणि मूळ कागद हातात आल्याशिवाय दुकानातून हलू नका.