त्रिनिदादची ईद

कामशेतहून निघताना अम्मीने मैत्रिणीसाठी शेवया बांधून दिल्या होत्या. ईदच्या आदल्या रात्री त्रिनिदादला पोहोचले, तर तिच्या घरी ‘सवाईन’ उकळत होती. दूध, वेलची, बेदाणे आणि त्याच शेवया!

मजुरांचं पहिलं जहाज ‘फतेल रझाक’ कलकत्त्याहून इथे ३० मे १८४५ रोजी लागलं. भरती १९१७पर्यंत चालली. भोजपुरी विसरली गेली, घरात इंग्रजीच. ईदला मात्र देशभर सुट्टी, आणि सवाईन हिंदू-ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही जाते.

नानीने आजोबांच्या गिरमिटाच्या कागदाची नक्कल दाखवली. बापाचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा बस्ती.

“तुझ्या घरापासून किती लांब?”

“रेल्वेने दीड दिवस, नानी.”

“एवढंच?” ती म्हणाली आणि कागदावरच्या गावावर बोट फिरवत राहिली.